गिफ्ट, यिफ्त आणि देणं

इंग्लंडमध्ये वाढदिवसाला 'गिफ्ट' देतात. जर्मनीत कुणाला 'गिफ्ट' दिलं तर पोलीस येतात. आणि स्टॉकहोममध्ये एखादी मुलगी 'मी गिफ्ट आहे' म्हणाली, तर तिचं लग्न झालेलं आहे आणि तुम्ही आता दुसरा विषय काढलेला बरा, असा त्याचा अर्थ होतो. अक्षरं तीच, क्रम तोच. इंग्रजीत भेटवस्तू, जर्मनमध्ये विष. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये विषही आणि विवाहितही. यावर त्या देशांमध्ये जे विनोद होतात ते तुम्हीआम्ही सहज कल्पू शकतो. तिकडच्या नवऱ्यांनी ते पुरेसे वापरून गुळगुळीत केलेले आहेत, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला जात नाही.

या शब्दाशी माझी गाठ ऑफिसच्या कामातून पडली. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते. आमचा एक क्लायंट युरोपातल्या पाचसहा देशांमध्ये घरगुती सामान विकतो आणि त्याची वेबसाइट आमची टीम सांभाळते. अशा साइटवरचा मजकूर कोडमध्ये लिहिलेला नसतो. तो वेगळ्या फाइलमध्ये असतो: प्रत्येक वाक्याला एक किल्ली आणि तिच्यासमोर एकेका भाषेतला मजकूर. गिफ्ट कार्डाच्या किल्लीसमोर जर्मन रकान्यात होतं 'गेशेंककार्टं', डच रकान्यात 'कादोकार्ट', स्वीडिशमध्ये 'प्रेसेंटकूर्ट', डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये 'गावेकोर्ट'. म्हणजे ज्या भाषांमध्ये 'गिफ्ट' हा शब्द पिढीजात आहे, त्यांतली एकही तो भेटीच्या कार्डावर छापायला तयार नव्हती. माझ्या धंद्यात दोन शब्द सारखे आहेत का, हे तपासायला कोडची एक ओळ पुरते. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. इथे उत्तर 'हो' येत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

अशा शब्दजोड्यांना 'खोटे मित्र' म्हणतात. मॅक्सिम केसलेर आणि झ्यूल देरोकिन्यी या दोघा फ्रेंच लेखकांनी १९२८ साली इंग्रजी आणि फ्रेंचमधल्या असल्या फसव्या शब्दांवर पुस्तक काढलं, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. बरेच खोटे मित्र योगायोगाने सारखे दिसतात. गिफ्टचं मात्र तसं नाही. हे परके एकमेकांसारखे दिसत नाहीयेत, हे सख्खे भाऊ आहेत. वाटण्या झाल्या, एकेकाने आपापला हिस्सा घेतला आणि पुढे एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्यामुळे हा शब्द समजून घ्यायचा तर वाटण्यांचे कागद उघडावे लागतात.

*

मूळ क्रियापद अगदी साधं: देणं. इंग्रजीत 'गिव्ह', जर्मनमध्ये 'गेबेन'. जर्मॅनिक भाषांमध्ये क्रियापदाच्या शेवटी 'त' लावून नाम करायची जुनी रीत आहे. इंग्रजीत 'ड्राइव्ह'वरून 'ड्रिफ्ट' झालं, तसं 'गिव्ह'वरून 'गिफ्ट'. म्हणजे शब्दशः मराठी करायचं तर 'देणं' हाच त्याचा अर्थ: देण्याची क्रिया, आणि दिलेली वस्तू.

यातली भेटवस्तू आज इंग्रजीत सुरक्षित दिसते, पण तिचा रस्ता सरळ नव्हता. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, उच्चार 'यिफ्त'च्या जवळचा, आणि अर्थ बराच अरुंद. वधूसाठी वराकडून दिलं जाणारं मूल्य म्हणजे 'यिफ्त', आणि त्याच शब्दाचं अनेकवचन म्हणजे लग्न. भेटवस्तू हा मोकळा अर्थ आणि सुरुवातीचा टणक 'ग' नंतर आला, तो स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांबरोबर. नवव्या शतकापासून हे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत लुटायला आले आणि मग तिथेच शेती करून राहिले. लंडनला त्यांचा उच्चार पोचायला बराच वेळ लागला. चौदाव्या शतकातला चॉसर अजून 'य'नेच देतोघेतो. शेवटी 'ग' जिंकला. गंमत अशी, की ज्यांनी इंग्रजांना टणक 'ग' दिला त्यांच्यापैकी स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकांनी पुढे आपला स्वतःचा 'ग' या जागी मऊ करून टाकला. आज तेच 'यिफ्त' म्हणतात. दिलेली वस्तू घेणाऱ्याकडे राहिली आणि देणाऱ्याच्या घरातून गेली.

स्कँडिनेव्हियात लग्नाचा अर्थ कुठून आला, हे आपल्याला तरी समजावून सांगायला नको. 'गिफ्त' म्हणजे दिलेली. मुलीला तिच्या घरचा कर्ता पुरुष देतो, म्हणून ती 'दिलेली', म्हणून विवाहित. स्वीडिश कायद्यात या कर्त्या पुरुषाला नावच होतं, 'यिफ्तोमान': मुलगी द्यायचा अधिकार असलेला माणूस. आधी बाप, तो नसेल तर ठरलेल्या क्रमाने पुढचे नातेवाईक. १७३४ सालच्या स्वीडिश कायदेसंग्रहात विवाहाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात या माणसाची जागा पक्की आहे. आज तो माणूस कायद्यातून गेला, शब्द राहिला. आता स्वीडिश नवराही स्वतःला 'यिफ्त' म्हणवतो. त्याला कुणी, कुणाला दिलं, असं कुणी विचारत नाही.

डच लोकांनी वेगळाच तोडगा काढला. त्यांच्याकडे 'गिफ्त' म्हणजे देणगी (ते हा 'ग' घशातून, जवळपास 'ख'सारखा काढतात) आणि शेवटचा 'त' गळालेलं 'गिफ' म्हणजे विष. एका अक्षराची भिंत घालून दोन बिऱ्हाडं वेगळी केली. पण विशेषणापाशी ती भिंत पडते: विषारी म्हणजे 'गिफ्तिग', 'त'सकट. आइसलँडिकने विषाच्या अर्थाला घरातच घेतलं नाही. तिथे विषाला जुना 'एय्तुर' हाच शब्द आहे आणि 'गिफ्ता' म्हणजे नशीब, भाग्य.

*

खरा प्रश्न जर्मनचा. देण्याचं विष कसं झालं?

जुन्या जर्मनमध्येही 'गिफ्ट' म्हणजे दान, भेट असाच अर्थ होता. तेव्हा शब्द स्त्रीलिंगी होता, आजचं विष नपुंसकलिंगी आहे. कोशकार याचा माग ग्रीकपर्यंत नेतात. ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणं. वैद्यांच्या तोंडी त्याचा अर्थ झाला रोग्याला एका वेळी द्यायची औषधाची मात्रा. हा शब्द त्याच अर्थाने लॅटिनमध्ये गेला आणि लॅटिन वाचणाऱ्या जर्मनांनी त्याचं आपल्या भाषेत सरळ रूपांतर केलं: देणं, म्हणजे गिफ्ट. मग त्याला माणसाचा स्वभाव चिकटला. विषाचं नाव उघड कोण घेतं? 'त्याला काहीतरी दिलं' एवढंच म्हणायचं, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. आपणही असंच म्हणतो: 'तिला सासरच्यांनी काहीतरी घातलं असणार.' 'काहीतरी' या शब्दाइतकं जहाल विष मराठीत दुसरं नाही. जर्मनमध्ये आडून बोलायचा शब्द हळूहळू सरळ शब्द झाला आणि मूळचा सभ्य अर्थ मागे पडला. पुढे विषाचा हा अर्थ जर्मन बोलींच्या प्रभावातून उत्तरेला गेला आणि तिथल्या 'विवाहित'च्या शेजारी जाऊन बसला.

हा 'दोसिस' आपल्या ओळखीचा आहे. फ्रेंच आणि इंग्रजीच्या हातून तो आपल्याकडे 'डोस' म्हणून आला. पोलिओचा डोस, खोकल्याच्या औषधाचा डोस, आणि घराघरांत फुकट मिळणारा उपदेशाचा डोस. पण त्याचा धातू आपल्याकडे फार आधीपासून होता. ग्रीक 'दोसिस', लॅटिन 'दोनुम' आणि संस्कृत 'दान' एकाच धातूचे, 'दा'चे. डोस आणि दान ही चुलत भावंडं आहेत. असाच दुसरा जोड माझ्या रोजच्या कामात सापडतो. कॉम्प्युटरला लागतो तो 'व्हायरस' लॅटिनमध्ये विषच होता, आणि संस्कृत 'विष' त्याचंच भावंड. तेव्हा अँटिव्हायरस म्हणजे उताराच.

विष आणि उतारा हे अंतरही फार पूर्वीपासून कमी आहे. प्राचीन ग्रीकमध्ये 'फार्माकोन' हा एकच शब्द औषधाला आणि विषाला चालत असे. आजच्या ग्रीकमध्ये 'फार्माको' म्हणजे औषध आणि 'फार्माकी' म्हणजे विष, डचांसारखीच शेपटीपुरती वाटणी. फ्रेंचांचं 'प्वाझों' आणि त्यावरून आलेलं इंग्रजी 'पॉयझन' लॅटिनच्या 'पोतिओ'पासून निघालं, म्हणजे नुसतं पेय. काढ्याच्या अर्थाचा 'पोशन' त्याचाच भाऊ. आणि जर्मन लोक आज भेटवस्तूला जो शब्द वापरतात, 'गेशेंक', तो ज्या 'शेंकन'वरून आला त्याचा मूळ अर्थ पेय ओतणं. डचमध्ये तर त्याच क्रियापदाने आजही चहा ओततात आणि भेटही देतात. आता हे शेजारीशेजारी ठेवून पाहा. फ्रेंचमध्ये पेयाचं विष झालं. जर्मनमध्ये ओतण्याची भेट झाली आणि देण्याचं विष झालं. देणारा, पेला आणि विष हे तिघं युरोपभर एकमेकांच्या आसपासच घुटमळतात.

ते का, यावर मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२४ साली एक छोटा लेख लिहिला. त्याचं नावच 'गिफ्ट, गिफ्ट'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या जर्मॅनिक समाजात भेट म्हणजे बऱ्याचदा पेय. एकत्र बसून प्यायची, एकमेकांना पाजायची. आणि पुढ्यात आलेल्या पेल्यात काय आहे, याची खात्री कधीच नसते. म्हणून भेट स्वीकारताना आनंद आणि धास्ती दोन्ही असतात. पुढच्याच वर्षी त्याचा दानावरचा प्रसिद्ध निबंध आला. त्यात त्याने जगभरातली उदाहरणं घेऊन दाखवलं, की फुकटची भेट अशी काही नसते. द्यावं लागतं, दिलेलं घ्यावं लागतं, आणि घेतलेलं फेडावं लागतं. फेडेपर्यंत दिलेली वस्तू घेणाऱ्याला बांधून ठेवते.

कोशकारांची 'दोसिस' आणि मॉसचा पेला यांत मला भांडण दिसत नाही. शब्द वैद्यांच्या पोथीतून आला असेल, पण तो रुजला, कारण लोकांना तो पटला.

*

मॉसच्या निबंधात युरोपाबाहेर जी उदाहरणं येतात, त्यांत एक मोठं उदाहरण आपलं आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वातला दानधर्म. दान घेणं ब्राह्मणाला कसं धोक्याचं, कुणाचं घ्यावं आणि कुणाचं घेऊ नये, याची तिथे बरीच चर्चा आहे. १९८८ साली ग्लोरिया राहेजा या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर प्रदेशातल्या एका गावाचा अभ्यास पुस्तकरूपात मांडला. दान देणारा आपलं अशुभ त्या वस्तूबरोबर दुसऱ्याकडे पाठवतो आणि घेणाऱ्याने ते घ्यायचं असतं, हे त्यांनी पाहिलं होतं. पुस्तकाच्या नावाचा अर्थ, 'भेटीतलं विष'. हे समजायला मला त्या गावात जायची गरज पडली नाही. ग्रहण सुटताना 'दे दान, सुटे गिऱ्हाण' ही आरोळी माझ्या आजीने लहानपणी दारात ऐकलेली आहे. आरोळी देणारे कुठल्या वस्तीतून येत आणि दान कुठे थांबून घेत, हेही तिने सांगितलं आहे. ग्रहणाची पीडा सोडवायला धान्य आणि जुने कपडे द्यायचे. पीडा जायची कुठे? जो घेतो त्याच्याकडे. जर्मन शब्दकोशाने दोन अर्थ निदान वेगवेगळ्या ओळींत छापलेत. आपण ते एकाच सुपात घालून दिले.

मग मराठीत भेटीला शब्द कोणता? मोजायला बसलं तर ढीगभर आहेत, पण प्रत्येकाला दोरी बांधलेली. दान पुण्याच्या हिशोबात जातं. बक्षीस वरून खाली येतं. आंदण लेकीबरोबर जातं. हल्ली ते बातम्यांमध्ये बिल्डरला दिलेल्या जमिनीबरोबरही जातं. आहेराची वही असते. आमच्या घरी ती आहे, लाल कापडी बांधणीची, आणि कुणी किती 'घातले' हे तिच्यात आईच्या अक्षरात आहे, कारण त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे, किंवा थोडे जास्तच, घालायचे असतात. मला वाटतं, मराठीने 'गिफ्ट' हा शब्द इतक्या सहज उचलला याचं कारण हेच असावं. मित्रांमध्ये, बरोबरीच्या नात्यात, वहीत न लिहिता द्यायच्या वस्तूला आपल्याकडे शब्दच मोकळा नव्हता.

आणि या सगळ्यांच्या मुळाशी साधं 'देणं'. गाता गळा हे देवाचं देणं, आणि बँकेचं असतं तेही देणंच. जे मिळालं ते, आणि जे फेडायचं आहे ते, मराठीत एकाच शब्दात. गंमत म्हणजे धातूलाच ही खोड आहे. एमिल बेंव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की आपला 'दा' म्हणजे देणं, पण हित्ती भाषेत त्याच धातूचा अर्थ घेणं असा आहे. हित्तीपर्यंत जायचं नसेल तर मागे 'आ' लावून पाहा. प्रदान म्हणजे देणं, आदान म्हणजे घेणं. 'गिव्ह'च्या धातूचंही तेच. त्याचं आयरिश भावंड 'घेणं' या अर्थाचं आहे. देताना आणि घेताना हात एकाच जागी असतात. कोण कुणाला देतंय, हे नंतर ठरतं.

*

हे सगळं मी गेलं वर्षभर वाचते आहे, त्याला कारण नुसती हौस नाही. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. येत्या डिसेंबरात माझं लग्न आहे.

त्याआधीची दोन वर्षं स्थळं पाहण्यात गेली. त्या काळात एक वाक्य मी वेगवेगळ्या दिवाणखान्यांत, वेगवेगळ्या पोह्यांसमोर ऐकलं: 'आमची काही मागणी नाही, तुमच्या मुलीला तुम्ही जे द्याल ते.' हुंड्याला जर्मनमध्ये 'मिटगिफ्ट' म्हणतात, म्हणजे बरोबर दिलेलं. तो शब्द मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. १९८४ सालच्या दुरुस्तीने त्यात एक वाट ठेवली: न मागता दिलेल्या भेटी चालतील, पण त्यांची यादी करायची. यादी कशी ठेवावी याचे नियम १९८५ साली आले. भेट कुठे संपते आणि विष कुठे सुरू होतं, ते कायद्यालाही नजरेने ओळखता आलं नाही. त्यानेही शेवटी वहीच घालायला सांगितली.

ज्याच्याशी माझं लग्न ठरलं त्याच्या घरी ते वाक्य कुणी बोललं नाही. अडचण आली ती आमच्याच घरी. मी नोंदणी पद्धतीने लग्न करणार म्हटल्यावर आईने पहिल्यांदा हॉलच्या खर्चाचा विचार केला आणि तिचा चेहरा खुलला. बाबा गप्प झाले. दोन दिवसांनी म्हणाले, "म्हणजे कन्यादान नाही?"

बाबांवर चिडणं सोपं होतं. 'मी काय वस्तू आहे का?' हे वाक्य माझ्याकडे तयारही होतं. पण बाबांनी आयुष्यात मला कधी वस्तू मानलेलं नाही. इंजिनिअरिंगची फी भरताना त्यांनी काय काय बाजूला ठेवलं, ते मला माहीत आहे. त्यांच्या मनात कन्यादान म्हणजे एका मोठ्या कामाचा शेवट आहे. ओंजळीतून पाणी सोडायचं, आणि ज्याच्यावर पाणी सोडलं त्यावरचा हक्क संपला. मराठीत आपण बुडीत पैशांवरही 'पाणी सोडतो', ते याच विधीतून आलेलं. जर्मनांनी ओतण्यातून भेट काढली तशी आपण ओतण्यातून सोडवणूक काढली. मी त्यांना विचारलं, "बाबा, मुलगी कुठे दिली, असं आपण विचारतो. मुलगा कधी देतात?" त्यांनी विचार केला. "दत्तक," ते म्हणाले. "दत्तक देतात." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी मी त्यांना स्वीडिश शब्दाची गोष्ट सांगितली. दिलेली म्हणजे विवाहित, मग हळूहळू पुरुषही विवाहित, आणि आता देणाराच उरलेला नाही. त्यांना आवडली. "शब्द तोच ठेवून माणसं बदलली म्हणजे," असं म्हणाले. मग मी त्यांना विशेष विवाह कायदा, १९५४, यातलं बाराव्या कलमातलं वाक्य दाखवलं. दोघांनी अधिकाऱ्यासमोर, आपल्याला समजेल त्या भाषेत, एकेकदा म्हणायचं असतं: मी तुझा पती म्हणून, मी तुझी पत्नी म्हणून स्वीकार करतो, करते. त्या वाक्यात देणारा कुणीच नाही. दोघंही घेतात. ज्या धातूला देणं आणि घेणं यांतला फरक कधी पक्का करता आला नाही, त्याची ही एक बाजू, एवढंच.

"मग त्यात माझं काम काय?" बाबांनी विचारलं.

तीन साक्षीदार लागतात, मी सांगितलं. साक्षीदाराने काही द्यायचं नसतं. समोर उभं राहून सगळं पाहायचं आणि खाली सही करायची. पहिली सही बाबांची असेल. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी त्यासाठी नवीन पेन घेतलं. आईने त्याची किंमत विचारली, पण वहीत लिहिली नाही.